दहा वाजेपर्यंतची गल्ली

फेब्रुवारीत आमच्या गल्लीत ऊन जमिनीपर्यंत यायला बराच वेळ लागे. पहाटेचा राखी रंग विरला की उजेड प्रथम विजेच्या तारांवर दिसे, इतका बारीक की तारच कोणी घासूनपुसून लख्ख केली असावी असे वाटे. तारांवरून तो समोरच्या निखाऱ्यांच्या घराच्या पत्र्यावर उतरे, पत्र्याच्या पन्हळींत जरा घोटाळे, आणि मग आमच्या समोरच्या भिंतीवर येई. त्या भिंतीला कधी काळी निळा रंग दिलेला होता. एरवी दिवसभर तो कोणाच्या लक्षातही येत नसे, पण सकाळच्या त्या दहा मिनिटांत भिंत पुन्हा निळी होई. त्यानंतर खिडक्यांचे गज, दोरीवरचे ओले लुगडे, उंबऱ्याशी पाण्याने भरून ठेवलेला पितळी गुंड, ओट्याची कड. ताकासारखा पांढुरका असलेला उजेड एवढ्या प्रवासात तुपाच्या रंगाचा होई आणि सव्वाआठच्या सुमारास, फार काही न सांगता, गल्लीच्या फरशीवर पाय टेकवी.

नागपूरच्या पूर्व अंगाला, विणकरांच्या जुन्या वस्तीत ही गल्ली होती. घड्याळे सगळ्यांकडे होती, पण सकाळ मोजली जाई ती या उजेडाने. मागावर चढवायचा उभ्या धाग्यांचा ताणा आधी गल्लीत लांबीभर पसरून त्याला खळ लावायची, म्हणजे पांजणी करायची. दव सुकल्यावर सूत ओले करायचे आणि ऊन जमिनीला टेकण्यापूर्वी ते कोरडे करून उचलायचे. मधला जो दीड तास, त्यात गल्लीतून सायकलही जात नसे. दूधवाला वळसा घालून येई. शाळेची मुले सुताखालून वाकून जात, आणि वाकताना दप्तराचा धक्का लागला तर कोणाच्याही घरची बाई त्यांना स्वतःच्या मुलासारखे रागे भरे.

त्या मंगळवारी मी ओट्यावर उभा राहून तो उजेड उतरताना पाहत होतो आणि आयुष्यात प्रथमच तो जरा थांबावा असे मला वाटत होते. बोधनकर साहेब साडेसातला येणार होते. आठ वाजत आले होते.

साहेब येणार होते ते माझ्या अर्जामुळे. गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला एक दगडी ओटा होता. त्याच्या बाजूने जेमतेम एक माणूस आणि एक सायकल जाईल एवढीच वाट होती. तो ओटा पाडला की गल्ली थेट बाजाररस्त्याला मिळणार, असा बेत रस्त्यांच्या कार्यालयात ठरला होता. शहर वाढत होते, मोठ्या रस्त्यांवर गर्दी मावत नव्हती, आणि नकाशावर आमची गल्ली म्हणजे वाया चाललेला एक सरळ रस्ता होता. ऑटो, स्कूटर, मेटॅडोर सगळे तिथून जाऊ लागले की पांजणीचा विषय संपला.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. एका महाविद्यालयाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करीत असे. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटे. कागदावर मात्र मी धीट होतो. तीन रात्री जागून मी साडेचार पानांचा अर्ज लिहिला. त्यात ही गल्ली म्हणजे भिंती नसलेला एक कारखाना आहे, अकरा घरांचे हात इथे एका सुताने बांधले गेले आहेत, असे बरेच काही होते. अकरा घरे हा आकडा जुना होता. माग चालू असलेली घरे त्या वर्षी तीन उरली होती. पण अर्ज वाचून कार्यालयाचे उत्तर आले, की गल्लीचा नित्याचा वापर प्रत्यक्ष पाहून निर्णय घेण्यात येईल. ते पत्र हातात घेऊन मी घरी आलो तेव्हा मला जिंकल्यासारखेच वाटत होते.

माझे वडील, डोमाजी पराते, यांनी पत्र वाचून घडी घालून परत दिले. त्यांनी फक्त विचारले की पाहणी कोणत्या दिवशी आहे, आणि त्या दिवसाच्या बेताने साठ हातांचा ताणा तयार केला. तीन लुगड्यांचे सूत होते ते. माझ्या मोठ्या चुलत्याची विधवा सोनाबाई, आमची बडीमाय, महिनाभर चरख्यावर बसली होती तेव्हा एवढे सूत गुंडाळून झाले होते. ते बिघडले असते तर नवे सूत घ्यायला पैसे नव्हते आणि उन्हाळाभर माग रिकामा राहिला असता.

तर त्या सकाळी सूत तयार होते. दोन टोकांच्या खुंट्यांना ताणलेले, खाली जागोजागी फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांनी उचलून धरलेले. खळीचे घमेले भरलेले, गवताच्या मुळ्यांचा मोठा कुंचा पाण्यात भिजत पडलेला. बाबांनी आकाशाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“ओलं करू का?” त्यांनी विचारले.

“थोडं थांबू ना बाबा. साहेबाच्या डोळ्यासमोर सुरू झालं पाह्यजे.”

“ऊन कोणासाठी थांबत नाही बाप्पा.”

“दहा मिनिटं.”

एकदा सूत ओले केले की मधे थांबता येत नाही, हे मला ठाऊक होते. दोघांनी दोन्ही अंगांनी कुंचा धरून, खळ सुकेपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारीत राहायचे असते. थांबले की धागे एकमेकांना चिकटतात आणि साठ हातांचा ताणा कडक पापडासारखा होतो. उन्हात तर खळ बघता बघता आळते. हे सगळे मी अर्जात फार सुंदर लिहिले होते. तरीही मी थांबायला सांगितले, आणि बाबा थांबले.

बडीमाय खुंटीपाशी बसून तुटलेले धागे सांधत होती. तिने मान वर न करताच विचारले, “का रे, साहेबाले सूत दाखवाचं हाय, का सुताले साहेब दाखवाचा हाय?”

समोरच्या दारात किसन निखारे बशीतून चहा पीत बसला होता. तो हसला. मी हसलो नाही.

किसन आणि मी एका वर्गात होतो. नववीत शाळा सोडून तो बाबांच्या हाताखाली आला आणि सहा वर्षे त्यांच्या कुंच्याचे दुसरे टोक त्यानेच धरले. दोन वर्षांपूर्वी मागावर भागेना म्हणून त्याने ऑटो घेतला. तो ऑटो घरापर्यंत येऊ शकत नसे; आमच्या या टोकाला पांजणीच्या कायम रोवलेल्या खुंट्या आणि त्या टोकाला तो दगडी ओटा. त्याच्या आईचे गुडघे गेले होते. दवाखान्यात न्यायचे असले की तो तिला पाठुंगळी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाई. ओटा पाडावा असा त्यानेही एक अर्ज दिला होता, वहीच्या फाडलेल्या पानावर पाच ओळींचा. आम्ही एकमेकांना ते सांगितले नव्हते, पण दोघांनाही माहीत होते.

“हेमराज,” तो म्हणाला, “तुझा साहेब आला नाही तर काय करतं बे?”

“येईल.”

“येईल ना. पण त्याले काय दाखवतं? तीन म्हातारे अन् एक चरखा?”

मी खिशातला अर्ज चाचपला. माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती. गल्ली माझ्या बाजूला होती, उजेड माझ्या बाजूला होता, आणि साडेचार पाने माझ्या खिशात होती.

साहेब आले ते आठ वाजून चाळीस मिनिटांनी. गल्लीच्या तोंडाशी सूत आडवे पाहून त्यांनी स्कूटर तिथेच उभी केली आणि भिंतीच्या कडेकडेने चालत आले. किरकोळ बांध्याचे, पन्नाशीचे, घाम पुसत बोलणारे गृहस्थ. उशीर झाल्याबद्दल त्यांनी दोनदा दिलगिरी व्यक्त केली. साहेब दिलगीर होतात हे मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी काखेतली फाइल आणि पिशवी माझ्याकडे दिली, मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि बाबांना मानेने खूण केली.

तोवर ऊन फरशीवर आले होते. ताण्याचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा उन्हात होता. बाबांनी त्या उन्हाकडे पाहिले. त्यांनी तेव्हाच नाही म्हणायला हवे होते, आणि दुसऱ्या कोणी सांगितले असते तर ते म्हणालेही असते. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि हात खळीत बुडवले.

पहिली फेरी चांगली झाली. कुंच्याचे दुसरे टोक गल्लीतल्या नामदेवकाका बारापात्रे यांच्या हातात होते. काकांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांचा हात अजून नेमका होता, पण पाय मागे पडत होते. सावलीतल्या पांजणीला ती गती पुरली असती. तिसऱ्या फेरीत कुंचा तिरपा झाला. चौथ्या फेरीत काका मध्येच थांबले आणि खोकू लागले. उन्हातल्या भागात धाग्यांचे पट्टे जुळू लागलेले मी उभा होतो तिथून दिसत होते; ओल्या सुताची चकाकी जाऊन त्यावर एक मंद, मृत पांढरेपणा येत होता. बडीमायची बोटे धागे सोडवायला धावत होती आणि मागे पडत होती.

बाबांनी हाक मारली. मोठ्याने नाही. “किसन.”

आमच्या गल्लीत एक रीत होती. तिला कोणी रीत म्हणत नसे, कारण ती मोडलेली कोणी पाहिली नव्हती. सूत ओले असताना ज्याचे नाव घेतले जाईल त्याने यायचे. भांडण असो, सोयरसुतक असो, ताटावर बसलेला असो. कोरड्या सुतावर काय वाटेल ते बोला, ओल्या सुतावर नाही म्हणायचे नाही.

किसनने दुसऱ्या चहाची बशी खाली ठेवली, चपला काढल्या आणि सुताच्या पलीकडे जाऊन काकांच्या हातून कुंचा घेतला. बाबा आणि तो, दोघेही एकमेकांकडे न बघता पळू लागले. पळणे म्हणावे तर पावलांचा आवाज नव्हता. साठ हात जायचे, वळायचे, साठ हात यायचे, आणि कुंचा मात्र सुतावर असा फिरत होता जणू झोपलेल्या कोणाच्या केसांवरून हात फिरतो आहे. दोन वर्षे ऑटोचा दांडा धरलेले ते हात काहीही विसरले नव्हते.

पण ऊन होतेच. तेव्हा बडीमाय उठली आणि दोरीवरचे लुगडे ओढून तिने एका टोकाने ते डोक्यावर धरले. “सावली करा ना वं बाया,” ती म्हणाली. दारांदारांतून बायका आल्या. चादरी आल्या, सतरंज्या आल्या, निखाऱ्यांच्या घरातून किसनच्या आईची गोधडी आली. बायकांनी सुताच्या दोन्ही बाजूंना उभे राहून त्या उंच धरल्या आणि पाहता पाहता गल्लीला छप्पर झाले, लाल, हिरवे, विटके, ठिगळांचे. त्याखालून ते दोघे पळत होते. एका टोकाला हात कमी पडत होता. बडीमायने साहेबांकडे पाहिले.

“साहेब, हात रिकामा असन तर हे पकडा.”

बोधनकर साहेबांनी हातरुमाल खिशात ठेवला आणि चादरीचे टोक धरले. पाऊण तास त्यांनी ते सोडले नाही. हात भरून आला की ते दुसऱ्या हातात घेत. सोळा-सतरा माणसे त्या सावलीखाली होती आणि कोणी कोणाला काही सांगत नव्हते. मी भिंतीला टेकून, फाइल छातीशी धरून, ते सगळे पाहत होतो. इतके सुंदर काही मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. हे अर्जात कसे लिहिता आले असते, असा विचार माझ्या मनात चालला होता.

सूत वाचले. पूर्वेकडच्या बाजूला दोन पट्टे खराब झाले, ते बाबांनी कापून काढले. बाकीचा ताणा त्यांनी बोटांनी चाचपला आणि मान हलवली. साहेबांना आमच्या ओट्यावर खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी चहा संपवून कपबशी खाली ठेवली. मग किसनला बोलावले.

“ओटा पाडावा असा अर्ज तुमचाच ना?”

“हो साहेब.”

“आज हे सूत वाया गेलं असतं तर तुमचंच काम सोपं झालं असतं. मग तुम्ही धावलात कसे?”

किसन थोडा गोंधळला. प्रश्नच त्याला नीट कळला नसावा. “सूत ओलं होतं ना साहेब,” तो म्हणाला.

साहेबांनी ते उत्तर कागदावर लिहून घेतले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी बाबांना वय विचारले, काकांना विचारले, बडीमायला विचारले. बडीमाय म्हणाली, तिचे वय तिच्या नवऱ्याजवळ होते, तो घेऊन गेला. साहेब हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी साध्या आवाजात विचारले, “मी शिफारस करीनही. दहा वाजेपर्यंत वाहने बंद ठेवता येतील, ओटाही राहील. पण पराते, मला वरती उत्तर द्यावं लागेल. यांच्यानंतर हे काम कोण करणार आहे?”

बाबा जमिनीकडे पाहत होते. काका खोकले. किसन चपला घालत होता.

“मी,” मी म्हणालो.

इतक्या माणसांसमोर इतक्या स्पष्ट आवाजात मी कधी बोललो नव्हतो. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आश्चर्य होते, आणि त्याच्या मागे हळूच उमटत गेलेले असे काही, की मी दुसरीकडे पाहिले. साहेबांनी माझ्या हातातून फाइल घेतली, तिच्यात एक ओळ लिहिली आणि ते गेले.

महिनाभराने गल्लीच्या दोन्ही तोंडांना पाट्या लागल्या. सकाळी दहापर्यंत सर्व वाहनांस प्रवेश बंद. ओटा राहिला. काकांनी पाटीला हळदकुंकू लावले. मला लोक रस्त्यात थांबवून बोलू लागले.

किसनने त्या दिवाळीत रिंगरोडपलीकडे, नव्या लेआऊटमध्ये खोली घेतली. तिथे ऑटो दारात उभा राहतो असे त्याने सांगितले. आईला पाठुंगळी घेऊन तो गल्लीतून शेवटचा गेला तेव्हा म्हातारीने दोन्ही बाजूंच्या दारांना हात जोडले. तो माझ्याजवळ क्षणभर थांबला. “वाचली बे तुझी गल्ली,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला इतकी वर्षे ऐकू येते.

त्याआधी, मार्चमध्ये, बाबांनी दुसरा ताणा मांडला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी कुंचा धुऊन माझ्या उशाशी आणून ठेवला. “सकाळी येतं का?” त्यांनी विचारले. कचेरीत परीक्षांचे काम होते. मी पुढच्या वेळी म्हणालो. ती पांजणी त्यांनी काकांबरोबर, सावलीत, धिम्या गतीने उरकली. एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा विचारले. जूनमध्ये एकदा विचारले. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होते आणि प्रत्येक कारण खरे होते. बाबांनी माग पोळ्यानंतर उतरवला. लाकडे माळ्यावर चढवताना खालून आधार मीच दिला.

पुष्कळ उशिरा माझ्या ध्यानात आले, की त्या तिन्ही वेळा बाबांनी मला सूत कोरडे असतानाच विचारले होते. ओल्या सुतावरून त्यांनी माझे नाव कधी घेतले नाही. घेतले असते तर मला जावे लागले असते, हे त्यांना माहीत होते.

आज या गोष्टीला नऊ वर्षे झाली. बाबा आता ओट्यावर बसून असतात. पाट्या अजून आहेत. दहा वाजेपर्यंत गल्लीत वाहन येत नाही, आणि त्या वेळात आता मुली सायकल शिकतात, बायका पापड वाळत घालतात, म्हातारे खुर्च्या बाहेर काढून बसतात, कोणाचे लग्न असले तर मांडव पडतो. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांतून गाड्यांचे धूर आणि भोंगे वाहतात. आमच्या गल्लीत माणसाला माणसाचा आवाज येतो. शहराच्या वाढीचा अभ्यास करणारी मुले मोजपट्ट्या घेऊन येतात, अशी गल्ली उरली कशी म्हणून विचारतात, आणि लोक त्यांना माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना बसवून नीट सांगतो. आता मला बोलता येते. हातमाग का बंद पडले तेही सांगतो: यंत्रमाग आले, सुताचे भाव चढले, लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या. ते लिहून घेतात. त्यात खोटे काही नाही.

परवा त्यांच्यातल्या एका मुलीने सगळे लिहून झाल्यावर वही मिटली आणि सहज विचारले, “आणि तुम्ही? तुम्ही नाही केलंत कधी?”

बाबा ओट्यावरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वेळ मिळाला नाही, असे मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो. पण वेळ होता. मला विणकर व्हायचे नव्हते.